शालन मॅडमनी फोन हातात घेतला नाही

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या शालन मगदूम गेली एकोणीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. माहेर समडोळीचं, शेतकरी जैनाचं घर. नवरा जिनेंद्र मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात. कॉलेजात त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. एक म्हणजे दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण झालेलं असतं, मग बैठक कुणाची का असेना. दुसरी म्हणजे वॉर्डात त्या उत्तर कधीच सांगत नाहीत.

मुलगी पेशंटजवळ उभी राहिली की मॅडम दोन पावलं मागं थांबतात. "काय दिसतंय?" मुलीनं सांगितलं की, "कशामुळं असेल?" मग, "यातलं सगळ्यात वाईट काय असू शकतं?" आणि शेवटी, "बरं, आता काय करणार?" मुली वैतागतात. पुस्तकात प्रत्येक धड्याला एकच आजार असतो आणि त्याचं नाव वरच छापलेलं असतं. वॉर्डात माणूस म्हणतो, "कसंतरीच होतंय बाई." त्या कसंतरीतून वाट काढायला शिकवायचं, हे मॅडमचं काम.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांची तिसऱ्या वर्षाची तुकडी एका रुग्णालयाच्या पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात होती. त्यात सोनम कोळेकर नावाची मुलगी होती. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची, आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. वर्गात ती फारसं बोलायची नाही. विचारलं तर बरोबर सांगायची, पण आवाज इतका बारीक की पुन्हा विचारावं लागायचं.

त्या दिवशी दुपारी तिच्याकडं अकरा नंबरचा पेशंट होता. तात्याबा, वय एकसष्ट, तोही जतकडचाच. आतड्याला पीळ पडला म्हणून चार दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. खराब झालेला भाग काढून आतड्याची दोन टोकं जोडली होती. सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी पाहिलं, "छान चाललंय" म्हणाले. दुपारी मात्र तात्याबा एकसारखा कूस बदलत होता, नळ्या ओढत होता आणि पुटपुटत होता.

वॉर्डच्या इनचार्ज विजयमाला सिस्टर चौतीस पेशंट तीन नर्सच्या जोरावर सांभाळत होत्या. त्यांनी लांबूनच सांगितलं, "दुखत असेल त्याला. दुखलं तर द्यायचं इंजेक्शन लिहिलेलं आहे, भरून दे गं सोनम. झोप लागेल."

सोनमनं इंजेक्शन भरलं आणि खाटेजवळ गेली. शालन मॅडम तिच्या मागं दोन पावलांवर होत्या. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

उशाशी तात्याबाची बायको रंगुबाई बसली होती. ती सोनमला म्हणाली, "बाई, ह्येंचं कायतरी येगळंच चाललंय बगा. मला वळखंनात झाल्यात."

सोनमचा हात थांबला. तिनं वाकून ऐकलं. तात्याबा कानडीत बोलत होता. वॉर्डातल्या बाकी सगळ्यांना ते कण्हणंच वाटत होतं, पण सोनमला कळत होतं. "कुरी, कुरी," तो म्हणत होता. म्हणजे मेंढरं. मेंढरं आत घे, ज्ञानू, अंधार पडला.

"ज्ञानू कोण?" सोनमनं विचारलं.

"धाकला भाऊ त्येंचा. जाऊन धा वर्सं झाली."

सोनमनं मान वळवून मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी विचारलं, "काय दिसतंय?"

"भान नाही मॅडम. सकाळी माझ्याशी नीट बोलत होते."

"आणखी?"

सोनमनं इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवला, घड्याळ समोर धरलं आणि छातीकडं बघत पुरा एक मिनिट श्वास मोजले. अठ्ठावीस. तक्त्यावर सकाळपासून प्रत्येक वेळी वीस लिहिलेलं होतं. नाडी एकशे अठरा. रक्तदाब एकशे चार, एरवी या माणसाचा एकशे चाळीसच्या घरात असायचा. हातपाय गार. लघवीच्या पिशवीत सकाळपासून जेमतेम कपभर, तीही गडद. पोटावर अलगद हात ठेवला तर तात्याबा कळवळला, आणि पोट फळीसारखं लागलं.

मॅडमच्या मनात उत्तर तेव्हाच आलं होतं. जोडलेलं आतडं सुटलं असणार, आतली घाण पोटात पसरत असणार. या माणसाकडं फार वेळ नव्हता. तोंड उघडून सांगायला पाच सेकंद पुरले असते.

त्यांनी विचारलं, "कशामुळं असेल?"

"दुखण्यामुळं नाडी वाढते," सोनम म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "पण दुखण्यानं लघवी कमी होत नाही. आणि रक्तदाब उतरत नाही, चढतो." ती थांबली. "रक्तस्राव असेल. नाहीतर... मॅडम, टाके आतून सुटले असतील का?"

"मी नाही सांगणार. यातलं सगळ्यात वाईट धरून चाल. आता काय करणार?"

"इंजेक्शन नाही देणार. दिलं तर झोपतील, मग आपल्याला काहीच कळणार नाही. डॉक्टरांना बोलावणार."

"कर फोन."

निवासी डॉक्टर राजवर्धन त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. कुणीतरी फोन त्यांच्या कानाला लावला. सोनम अडखळत बोलली. सर, अकरा नंबरचा पेशंट बरा वाटत नाही, अस्वस्थ आहे. पलीकडून दोन वाक्यं आली. वेदना आहेत, इंजेक्शन लिहिलेलं आहे, द्या. चारला येतो. फोन बंद.

सोनमनं फोन खाली ठेवला. विजयमाला सिस्टर आल्या. "झालं का समाधान? दे आता. ऑर्डर डॉक्टरांची आहे, विद्यार्थिनीची नाही."

"सिस्टर, मी नाही देणार," सोनम म्हणाली. या वेळी आवाज सगळ्या वॉर्डात ऐकू गेला.

विजयमाला सिस्टर मॅडमकडं वळल्या. "मगदूम मॅडम, तुम्ही तरी बोला."

मॅडमचा हात फोनकडं जाता जाता थांबला. त्या डॉक्टरांना ओळखत होत्या, त्यांच्या वरच्या सर्जन सरांनाही ओळखत होत्या. त्यांनी फोन केला असता तर लगेच धावपळ झाली असती. पण त्यांनी तात्याबाचे ओठ निळे पडलेत का ते पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि स्वतःला आणखी दोन मिनिटं दिली.

"सोनम, तू त्यांना काय सांगितलंस? अस्वस्थ आहे म्हणालीस. अस्वस्थ तर सगळेच असतात. तुझ्या हातात काय आहे ते सांग. आकडे सांग. तुला काय वाटतं ते सांग आणि काय हवंय ते सांग. तात्याबाला प्राणवायू लाव आणि पुन्हा फोन कर. आता उचलला नाही तर थेट मोठ्या सरांना."

सोनमनं नाकाशी नळी लावली आणि पुन्हा नंबर फिरवला. "सर, मी सोनम कोळेकर, तिसरं वर्ष. अकरा नंबर, आतडं जोडून चौथा दिवस. श्वास अठ्ठावीस, नाडी एकशे अठरा, रक्तदाब एकशे चार, सहा तासांत लघवी शंभर मिलीच्या आत. पोट ताठ आहे. सकाळी भानावर होते, आता मेलेल्या भावाशी बोलतायत. मला जोड सुटल्याची शंका आहे. मी इंजेक्शन दिलेलं नाही. तुम्ही आत्ता यायला हवं."

पलीकडून आलं, "दोन सलाईन चालू करा. रक्त पाठवा. आलोच."

दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

पुढचं भराभर झालं. डॉक्टर राजवर्धन थिएटरच्या टोपीसकट पळत आले, पोटाला हात लावला आणि कुणाशी काही न बोलता मोठ्या सरांना फोन लावला. विजयमाला सिस्टरनी एका झटक्यात दुसऱ्या हाताला सुई लावली. असा हात अख्ख्या रुग्णालयात दुसऱ्या कुणाचा नव्हता. रक्तदाब ऐंशीवर आला. रंगुबाईनं खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिला बाजूला घ्यायला दोघी लागल्या. "न्हेऊ नका वं, मला सांगा तरी काय झालंय," ती म्हणत राहिली. सोनमनं तिला धरलं आणि खाट जाईपर्यंत कानडीत काहीतरी सांगत राहिली.

पोट उघडलं तेव्हा जोड सुटलेलाच होता. दिवस मावळला तेव्हा शालन मॅडम थिएटरबाहेरच्या बाकावर होत्या. डबा पिशवीत तसाच राहिला. साडेसातला डॉक्टर राजवर्धन बाहेर आले, म्हणाले, "आत्ता तरी आहे." मग सोनमजवळ थांबले. "दुसरा फोन चांगला केलास. पहिल्याला मी नीट ऐकलं नाही." एवढं बोलून गेले.

मॅडमना वाटलं, पोरगी रडेल किंवा हसेल. सोनमचा चेहरा मात्र कठीण झाला होता.

"मॅडम, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"हो."

"कवा?" रागात तिची घरची भाषा बाहेर आली.

"तू पोटावर हात ठेवलास तेव्हा."

"मग गप का बसला? मी शिकावं म्हणून? माणूस मराय लागला हुता आन् तुमी मला प्रश्न इचारत हुता."

शालन मॅडमनी बाकावर सरकून तिला बसायला जागा केली. ती बसली नाही. तिला उभीच ठेवून मॅडमनी कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली.

बावीस वर्षांच्या असताना त्या कोरेगावला एका छोट्या खासगी दवाखान्यात कामाला होत्या. तिथं एक शिक्षिका दाखल होती, न्यूमोनियाची. दर चार तासांनी तक्ता भरायचा. श्वास कुणीच मोजत नसे. आधीच्या पाळीनं वीस लिहिलेलं असे, पुढची पाळीही वीस लिही. शालननंही लिहिलं. शिक्षिका दोनदा म्हणाली, दम लागतोय गं. शालनला ती घाबरट वाटली. काहीतरी चुकतंय असं शालनला वाटलंही होतं, पण डॉक्टरांना सांगायचं तर काय सांगायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शब्दच नव्हते. दुपारपर्यंत बाई गेली. तक्ता वीसच दाखवत होता, त्यामुळं कुणी शालनला दोष दिला नाही. उलट डॉक्टर म्हणाले, अचानकच झालं.

"अचानक नव्हतं झालं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मी गप राहते. उद्या तुम्ही एकट्या असाल तेव्हा शब्द तुमच्याकडं असावेत म्हणून."

सोनमनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बरोबर आहे. पण रंगुबाईला हे सांगून बघा."

आणि ती निघून गेली.

तात्याबा अतिदक्षता विभागात अकरा दिवस होता. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं काम करेनाशी झाली, सहाव्या दिवशी परत वळणावर आली. मॅडम रोज सकाळी वर्गाआधी जाऊन काचेतून बघत. विजयमाला सिस्टरनी प्राचार्यांना लेखी कळवलं, की विद्यार्थिनीनं डॉक्टरांची ऑर्डर थांबवली आणि शिक्षिकेनं तिला आवरलं नाही. चौकशीत मॅडमनी आपल्याला आधीच कळल्याचं सांगितलं, तेव्हा विजयमाला सिस्टर एकच बोलल्या, पण ते मॅडमच्या जिव्हारी लागलं. "मी चुकले, दुखणं समजले. पण मला कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं."

कारवाई कुणावर झाली नाही. सोनमचं कौतुक करायचं ठरलं. तिनं प्रमाणपत्र घेतलं आणि मॅडमशी बोलणं टाळत राहिली.

तात्याबाला वॉर्डात आणल्यावर शालन मॅडम रंगुबाईसमोर जाऊन बसल्या आणि त्या पंधरा मिनिटांबद्दल जे होतं ते सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. रंगुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला त्यातलं कळत न्हाई बाई," ती म्हणाली. "पर पुन्यांदा असं करू नका."

"नाही करणार."

पुढच्या सोमवारी मॅडमनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर तात्याबाचं नाव न घालता सगळी केस लिहिली. डावीकडं वेळा, पुढं आकडे, पुढं कोण काय बोललं. आपलं नावही लिहिलं, शिक्षिका, शालन मगदूम. मग खडू खाली ठेवून वर्गाकडं वळल्या.

"इथं कुठं कुठं चुकलं ते सांगायचं. माझ्यासकट."

मुली एकमेकींकडं बघू लागल्या. मग शेवटच्या बाकावरून सोनम उठली, फळ्यापाशी आली, खडू उचलला आणि दोन वाजून पंचवीस या वेळेखाली जाड रेघ मारली.

"इथं पोटाचं कळलं होतं. इथं तुम्ही बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "प्रश्न नंतर विचारता आले असते."

"बरोबर," शालन मॅडम म्हणाल्या. "पुढं?"

सोनमनं खडू परत दिला नाही. ती पहिल्या फोनच्या ओळीकडं वळली आणि स्वतःची चूक लिहायला लागली.