ताईनं टाकी उकळली

माझ्या ताईला दवाखान्यात सगळे उकळीबाई म्हणतात. तोंडावर नाही हं, कुणाची छाती आहे! ऑपरेशनची हत्यारं धुवायची, उकळायची, बांधून ठेवायची, हे तिचं काम. तिच्या हातच्या हत्यारानं आजवर कुणाची जखम चिघळली नाही, असं ती ठणकावून सांगते. घरीही तेच. चमचे उकळ, फडकी उकळ, कंगवे उकळ. मी वरच्याच मजल्यावर राहते. माझ्याकडे चहाला आली तरी आधी कप नळाखाली धरणार. असा राग येतो! पण करता काय, सख्खी बहीण.

भावोजी बसमध्ये कंडक्टर होते. जन्मभर तोंडाचा पट्टा चालू. मग झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही बसली. डॉक्टर म्हणाले, शब्द हळूहळू परत येतील, त्यांच्याशी बोलत राहा. ताई बोलून बोलून दमली. "दुखतंय का? पाणी देऊ? मी कोण, सांगा बरं?" ते नुसते बघायचे. आणि एक दिवस खुर्चीत बसल्या बसल्या समोरच्या काचेच्या टाकीकडे बघून खणखणीत म्हणाले, "चला, पुढे सरका!"

माशांना! त्यांनीच हौसेनं पाळलेले सोनेरी मासे. त्या दिवसापासून माशांशी बोलणं सुरू झालं. जाड्या माशाचं नाव शेठ. "शेठ, दारात उभं राहू नका," म्हणून त्याला दटावायचे. ताई खोलीत शिरली की मात्र तोंडाला कुलूप. ती हसण्यावारी न्यायची. पण एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मला एखादा शब्द दिला असता तर काय बिघडलं असतं गं? शिवी दिली असती तरी चाललं असतं." मला अगदी भरून आलं. मी ताटं पुसत राहिले.

आणि मग शेठच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले, मीठ भुरभुरल्यासारखे. झालं! ताईच्या अंगात वारं शिरलं. मासे बादलीत काढले. टाकीतले खडे मोठ्या पातेल्यात घालून उकळले, पाणी गाळायचा स्पंजही उकळला, काच घासून घासून लख्ख केली आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. भावोजी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवत होते, मान हलवत होते. घशातून नुसती घरघर. "हो हो, झालंच, एवढी घाई करू नका," ताई म्हणाली. मीही शहाणी, म्हटलं, बघ, केवढा जीव आहे यांचा माशांवर!

सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक उताणा पडलेला. ताईला बसवेना, उठवेना. टाकीपाशी जाई, स्वयंपाकघरात जाई, परत येई. "कुठंतरी जंतू राहिलाच," म्हणत तिनं पुन्हा सगळं उपसलं, पुन्हा पातेलं चढवलं. भावोजींनी पुन्हा दांडा बडवला. संध्याकाळपर्यंत एकटा शेठ उरला, तोही कोपऱ्यात तिरका.

मग माझं डोकं फिरलं. भावोजी पाळायचे मासे जिथून आणायचे, त्या दुकानदाराकडे मी तिला हाताला धरून नेलं. त्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "स्पंज उकळला? बाई, त्यावर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यातले चांगले जंतूच पाणी राखतात. ते मेले की माशांची घाण पाण्यात विष होऊन बसते. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते थेट ओतायचं नाही. त्या ठिपक्यांना साधं औषध होतं. ते घरचे कंडक्टरसाहेब काही बोलले नाहीत? त्यांना सगळं ठाऊक आहे की!"

ताईचा चेहरा पांढरा पडला.  रस्ताभर पदराचं टोक नुसतं बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

घरी आलो तर शेठही गेलेला. भावोजी टाकीकडे बघत बसले होते.  काहीतरी आवरावं म्हणून मी बादली उचलली, उगाच इकडची तिकडे ठेवली. मनात एकच धास्ती. आता हा माणूस बोलणार कुणाशी?

ताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "तुम्ही सांगत होतात ना मला? दांडा बडवून?" तिनं टाकीकडे हात केला. "माझ्यामुळे मेले ना हो सगळे?"

भावोजींचे ओठ हलले. जबडा वाकडा झाला, गळ्याच्या शिरा ताणल्या. मग तिच्या डोळ्यांत बघून ते स्पष्ट म्हणाले, "हो. तुझ्यामुळे."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, असं कुणी तोंडावर म्हणतं का? रात्रंदिवस तुमचं करते ती, आणि..."

"गप्प बस गं!" ताई माझ्यावर खेकसली. ती रडत होती, आणि रडता रडता हसत होती. त्यांचा डावा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "मला म्हणाले ते. मला!"