धोंडीबाईचं सांगणं

सापगावाच्या अलीकडच्या पाड्यात धोंडीबाईला सगळे जाणती म्हणत. कुणाचं मन थाऱ्यावर नसलं, कुणी बाई बोलेनाशी झाली की धोंडीबाईला बोलावणं जायचं. ती सुपात तांदूळ घेऊन बसायची आणि दाणे चाळता चाळता घरातल्या एकेकाला बोलतं करायची. अर्धं दुखणं तिथंच उतरायचं. उरलेल्या अर्ध्यासाठी ती नारळ-लिंबू काहीबाही सांगायची, आणि त्यानं निदान बिघडायचं तरी नाही.

हे कसब आणि सूप तिला मुरबाडकडच्या म्हाताऱ्या बाईजाआतेनं दिलं. बाईजाची अट एकच होती. भात झोडून झालं की तिच्या हाताखाली शिकलेल्या बायांनी नवे तांदूळ घेऊन यायचं आणि वर्षभरात कुणाला काय सांगितलं ते तिच्यापुढे ओकायचं. याला त्या 'सांगणं' म्हणत. लोकांची दुःखं पोटात साठवली की ती आंबतात, असं बाईजाचं म्हणणं. बाया कुरकुरत जायच्या आणि हलक्या होऊन यायच्या.

लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं त्या साली, धोंडीबाई मात्र सांगण्याला गेली नाही. आधी पाय दुखत होता, मग म्हैस व्यायली, मग पाहुणे आले. कारणं काय, पैशाला पासरी. खरं म्हणजे तिनं दिलेला एक कौल तिच्याच मनाला खात होता.

पाड्यातल्या देवजीची सून राही. तिची तान्ही लेक झोपेत गेली आणि राही मुकी झाली. धोंडीबाई रोज तिच्याकडे जायची, भाकर भरवायची, केस विंचरायची. तरी राहीच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी देवजी म्हणाला, तांदूळ बघून कौल दे. धोंडीबाईनं बघितले आणि सांगून टाकलं, "घरातल्याच बाईची नजर हाय." सासू कधीच वारलेली. घरात दुसरी बाई म्हणजे राहीची जाऊ, शकू. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणजे बोट दाखवायला सगळ्यांना सोपी. लगोलग तिची माहेरी रवानगी झाली. राही होती तशीच राहिली.

शिमगा जवळ आला तेव्हा धोंडीबाई उठली, गवताच्या गाडीत बसली आणि मुरबाडच्या वाटेला लागली. बाईजा अंगणात वाल सोलत होती.

"आते, माजं सूप खोटं बोललं," धोंडीबाई म्हणाली आणि सगळी हकिकत सांगितली.

बाईजानं तांदळांबद्दल काहीच विचारलं नाही. "राहीला भाकर कोण भरवी?"

"मी."

"नि केस?"

"मीच."

"तुजी बारकी कशी गेली गो?"

बारकी धोंडीबाईची लेक, पाळण्यातच गेलेली. इतक्या वर्षांत तिच्यापुढे ते नाव कुणी घेतलं नव्हतं. "माजी जाऊ बोलली होती," ती हळूच म्हणाली, "पोरीला नटवू नको, नजर लागल. ती बोलली नि मग..." ती मधेच थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"आपल्या घरचे तांदूळ आपुन बघू नये, हे तुला पयल्याच दिवशी सांगितलं होतं," बाईजा म्हणाली.

"राही माज्या घरची नाय."

"तू केलीस ना तिला घरची. मग सुपात कोण दिसल? तुजीच जाऊ."

धोंडीबाई रडली. बाईजानं तिला गप्प केलं नाही, वाल सोलत राहिली. मग दिवस कलेपर्यंत दोघी बारकीबद्दलच बोलल्या. आते आता सूप काढून घेणार, या भीतीनंच धोंडीबाई इतके दिवस घरी दडून होती. बाईजानं सूप मागितलंच नाही. म्हणाली, "ज्यांच्यापुढं चुकलीस त्यांच्यापुढं बोल. नि राहीला समजवत बसू नको. नुसती बस." धोंडीबाईला कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला.

परत आल्यावर ती थेट देवजीच्या अंगणात गेली आणि चार माणसांदेखत म्हणाली, "मी चुकले. शकूची नजर नाय. मी माज्याच घरातलं दुखणं तुमच्या घरात बघितलं."

देवजी आ वासून बघत राहिला. जाणती आपण होऊन चूक कबूल करते, हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो काही बोलणार तोच उंबऱ्यातून आवाज आला.

"मला झोप लागली होती," राही म्हणाली. "पोर रडली असल. मला ऐकू नाय आलं."

धोंडीबाईच्या ओठांवर समजुतीचे शंभर शब्द आले. तिनं ते गिळले आणि राहीच्या शेजारी जाऊन बसली. राही बोलली, रडली, पुन्हा बोलली. दुपारी तिनं आपल्या हातानं चार घास खाल्ले. धोंडीबाईचा जीव भांड्यात पडला.

पण शकूला जिनं घालवलं तिनंच आणायला हवं. दुसऱ्या दिवशी धोंडीबाई तानशाकडे शकूच्या माहेरी गेली, शिव्या खायच्या तयारीनंच. शकू ओटीवर एकटी बसली होती. वहिनी पाण्याला गेलेली. आत भावाचं तान्हं पोर रडत होतं आणि शकू जागची हलत नव्हती.

"पोर रडतं गो," धोंडीबाई म्हणाली.

"मी उचलीत नाय त्याला. आल्यापासून बघितलं बी नाय."

"कुणी मना केलं?"

"कुणीच नाय." शकू खाली बघत होती. "मलाच वाटतं, काकी, माजीच नजर असल. तू कदी खोटं सांगत नाय."

यापेक्षा हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं, असं धोंडीबाईला वाटलं. ती आत गेली, पोराला उचलून आणलं आणि शकूच्या मांडीवर ठेवलं.

"मी खोटं सांगितलं, शकू. सगल्यांदेखत बोलून आले तसं. तुज्यात कायबी वाईट नाय. बघ त्याच्याकडं."

शकूनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पोरानं तिचा पदर मुठीत धरला आणि रडणं थांबवलं. मग तिनं डोळे उघडले. वहिनी हंडा घेऊन परत आली तरी ती त्या पोराकडे बघतच होती.