तिच्या फोटोखालची ओळ

दोह्यातल्या ज्या अँग्लिकन शाळेत माझ्या बायकोने बालवर्गाला शिकवलं, तिथे भिंतीवर तिचा फोटो आहे. खाली इंग्रजीत लिहिलंय, ‘सर्व धर्मांना आपलं मानणाऱ्या आमच्या हिंदू शिक्षिका’. ती हिंदू नव्हती. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचे. ही चूक शाळेची, असं मी आजवर घरात सांगत आलो. ती माझी आहे.

आडनाव मराठी, गळ्यात आमच्या ख्रिस्ती बायकाही घालतात ते मंगळसूत्र, म्हणून शाळेने तिला पहिल्याच वर्षी दिवाळीच्या गटात घातलं. प्रत्येक धर्माला जागा देण्याची त्यांना भारी हौस. ती म्हणायची, सांगा ना त्यांना. मी म्हणायचो, काय बिघडतं? बिघडलं असतं ते ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या मराठी कंपूत. तिथे मी गणपतीच्या आरतीला टाळ धरायचो, आणि आमच्याच बिल्डिंगमधला एकजण जेवताना म्हणायचा, “बाटग्यांचं बरं असतं. कुठेही गेले तरी गोरा साहेब त्यांचा सोयरा.” सगळे हसायचे. मीही. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या उपासनेला निघताना जिन्यात कुणी भेटलं, तर बाजारात चाललोय म्हणून सांगायचो.

एका वर्षी तिने नाताळच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून मराठी भजन बसवून घेतलं. ढोलकी, टाळ, तिच्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, म्हणतात तसं. मल्याळी, तमिळ, अरबी गाणी होतीच. प्राचार्यबाईंनी मला बोलावलं. हिंदू शिक्षिकेवर ख्रिस्ताचं गाणं लादलं असं तर कुणाला वाटणार नाही ना, ही त्यांची काळजी. पालकांचा प्रतिनिधी म्हणून समोर तोच बिल्डिंगवाला बसला होता. एक वाक्य पुरलं असतं.

“तिला गाण्याची आवड आहे, एवढंच,” मी म्हणालो. “काढलंत तरी चालेल.”

घरी सांगितलं, वेळ कमी पडला.

“त्यांनी काढलं की तुम्ही?” तिने विचारलं.

मी टीव्ही लावला. कार्यक्रमात ती मागच्या रांगेत बसून इतरांच्या गाण्यांना टाळ्या वाजवत होती. पुढे तिने शाळेत काही बसवलं नाही. घरातही गुणगुणणं थांबलं.

ती गेल्यावर नगरला दफन केलं. शाळेला मी फक्त ‘अंत्यविधी भारतात झाला’ एवढंच कळवलं. मग तो फोटो लागला.

यंदा मी जाऊन आताच्या प्राचार्यांना सगळं सांगितलं. बाई भल्या. ओळ बदलू म्हणाल्या. मग घुटमळत विचारलं, मंगळसूत्र नसलेला एखादा फोटो मिळेल का, नाहीतर बघणाऱ्यांचा गोंधळ होईल. मी नाही म्हटलं. मग समितीपुढे ठेवते, म्हणाल्या.

न्यायला आलेल्या मुलाला गाडीत हे सांगितलं. अल अझीझियाच्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, “राहू द्या ना बाबा. तुमची नात त्याच शाळेत आहे.”

त्याच्यावर रागवायचा हक्क मला उरलेला नाही. ओळ अजून तशीच आहे.