एक मास्तर आणि वर बाजाची पेटी

प्रिय ईशा आणि रोहन,

रविवारी फोनवर रोहन म्हणाला, "आजी, एक टीम घेशील का?" तुम्ही मित्र मिळून हिवाळाभर कॉम्प्युटरवर बेसबॉलचा लुटुपुटूचा मोसम चालवता. मैदान नाही, चेंडू नाही. प्रत्येक संघाला एक हौशी जनरल मॅनेजर, आणि कोणता खेळाडू द्यायचा, कोणता घ्यायचा याची नुसती बोलणी. तुमचा एक मॅनेजर सोडून गेला, म्हणून आजी आठवली. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

मला खेळ कळत नाही म्हणून नव्हे. हा खेळ मी अंबडला चालवलेला आहे, तुमची आई अकरावीत असताना. त्या खेळात माझाच सौदा झाला. तुमच्या आईला हे बोलायला आवडत नाही, आणि माझ्यामागे सांगणारं कोणी राहणार नाही. म्हणून लिहिते. फोनवर मला जमलं नसतं.

मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमची वस्ती जालन्याच्या कडेला, गावानं दूर ठेवलेली. मिशनच्या शाळेत शिकले आणि वस्तीतली पहिली पदवीधर झाले. अंबडच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब. शाळा त्यांची, खालची जमीन त्यांच्या वडिलांची, वाटूरची शाखाही त्यांचीच. त्यांना इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढायचे होते आणि मास्तरांना दोन वाक्यं बोलता येत नव्हती. "बाई, यांची जीभ सोडा," ते मला म्हणाले.

क्रिकेट घेतलं असतं तर भांडणं झाली असती आणि तीही मराठीत. तुमच्या आईचा मामा अमेरिकेहून वर्तमानपत्रं पाठवायचा. त्यातून मला बेसबॉल कळला होता. हिवाळ्यात तिकडे संघ खेळाडूंची अदलाबदल करतात. मी ठरवलं, तेच करायचं. दर शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, सौदा इंग्रजीत मांडायचा, आणि तो मंजूर करणारी कमिशनर मी. चित्रकलेच्या लहाने सरांनी शिकागोचा संघ घेतला. बियाणांचे व्यापारी कांतीलालजी हौसेनं आले, त्यांनी न्यूयॉर्क घेतलं. दादासाहेबांनी बोस्टन. लोकांना मजा येत होती. मलाही येत होती, हे लपवत नाही.

एका शनिवारी दादासाहेबांनी बोस्टनचा एक जुना गोलंदाज कांतीलालजींना द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "हा सौदा असा होणार नाही. दहा वर्षं जुना आणि पाच वर्षं त्याच संघात असलेला खेळाडू. त्याची संमती लागते."

"संमती?" दादासाहेब इंग्रजी विसरले. "त्याला पगार कोन देतं?"

"संघ."

"मंग? गडी आपला, आन इचारायचं गड्याला?"

"नियम आहे, दादासाहेब."

"कोनी केला हा नियम?"

"खेळाडूंनीच. भांडून करून घेतला."

दादासाहेबांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. मग लहाने सरांकडे वळले.

"लहाने, बोस्टनचा नवा सौदा ऐका. आपली इंग्रजीची बाई वाटूरला. बदल्यात तिथला पीटीचा मास्तर इकडं."

"ऊपर से क्या, दादासाहेब?" कांतीलालजी. "बराबरी का सौदा नहीं लगता."

"वर एक बाजाची पेटी घेऊ. बाईच्या वस्तीत गानं-बजावनं लई. भरपाई होऊन जाईल."

हसले. सगळे हसले. लहाने सर चहा पिता पिता हसले, त्यांच्या मिशीला साय चिकटली. त्याच माणसाच्या मुलीला मी माझ्या घरी बसवून व्याकरण शिकवलं होतं.

"कमिशनर तुमीच न्हाई का?" दादासाहेब म्हणाले. "म्हना की. अप्रूव्हड म्हना."

मी उभी होते. हातात खडू होता. तोंडावर हसू ठेवलं होतं, कारण न हसणाऱ्या बाईला गंमत कळत नाही असं म्हणतात.

"अप्रूव्हड," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या.

सोमवारी शाळेत गेले तर शिक्षकखोलीत माझ्या खुर्चीवर बाजाची पेटी. शेजारी वाटूरचा मास्तर उभा. एस.टी.नं आला होता, पेटी मांडीवर घेऊन. मला बघून खाली मान घातली.

"बाई, आपल्याला काही ठाऊक न्हाई. पेटी घेऊन जा म्हनले, घेऊन आल्तो."

त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बदलीचा हुकूम शिपायानं हातात दिला. पुढच्या सोमवारी वाटूरला हजर व्हायचं. तुमचे आजोबा बदनापूरच्या संशोधन केंद्रात कामाला, त्यांची रोजची ये-जा उलट्या बाजूला. तुमच्या आईची अकरावी अर्धी झालेली. घराचे तीन तुकडे झाले असते, आणि कशासाठी? मी एक नियम सांगितला म्हणून.

हेडमास्तर घरी आले. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, "बाई, माफी मागून टाका. तुमच्यासारख्यांना नोकरी मिळाली हेच पुष्कळ आहे. एवढं मनाला काय लावून घ्यायचं?" ते प्रेमानं बोलत होते. त्या प्रेमाची मला किळस आली. ते गेल्यावर मी त्यांची कपबशी पुन्हा पुन्हा घासत राहिले.

शनिवारी मी हॉलवर गेले. मी येईन असं कोणाला वाटलं नव्हतं.

"मागच्या शनिवारचा एक सौदा मी रद्द करते आहे," मी म्हणाले.

"इंग्लिश में, मॅडम," कांतीलालजी म्हणाले. दोघंतिघं हसले.

"नाही. हे सगळ्यांना नीट कळलं पाहिजे."

दादासाहेबांनी हात झटकला. "अवो बाई, खेळ होता तो. गंमत."

"गंमत होती, मग पेटी कशाला आली?"

कोणी हसलं नाही. लहाने सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"या शाळेत मला दहा वर्षं झाली," मी म्हणाले. "मला विचारलं नाही. माझी संमती नाही. मी वाटूरला जाणार नाही."

"मंग घरी बसावं लागंल."

"बसेन. पण पाठवलेली जाणार नाही."

मी खडू टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. कोर्टासमोरच्या रस्त्यानं घरी चालत आले आणि मोरीत जाऊन ओकले.

नोकरी गेली. मी भांडले, अर्ज केले, तारखांना गेले. निकाल माझ्या बाजूनं लागला नाही. लहाने सर साक्षीला आले आणि म्हणाले, असं काही घडल्याचं आठवत नाही. शाळेला पुढं इंग्रजी माध्यम मिळालं. दादासाहेब गेले तेव्हा बाजार बंद होता. लोक म्हणाले, केवढा दिलदार माणूस. मी दार लावून घेतलं आणि भाजी निवडत बसले.

माणसांना बरं वाटावं म्हणून मी पुन्हा हसले नाही. लग्नात नाही, सत्कारात नाही, ज्यांच्या हातात माझं काही होतं त्यांच्यासमोर तर मुळीच नाही. तुमच्या आईला वाटतं, त्या वर्षानं मी कडू झाले. खरं आहे. ती किळस मी जाऊ दिली नाही, आणि जाऊ देणार नाही. ती गेली की मी पुन्हा तिथं उभी राहीन आणि ते सांगतील ते म्हणेन.

घरातली पुढची खोली मोकळी केली. तिथं इंग्रजीचे वर्ग घेतले. सुरुवातीला आमच्याच लोकांची मुलं यायची. आता कोणाकोणाची येतात. आजही सकाळी सात मुलं होती.

वाटूरला मी कधीही गेले नाही. मी अंबडलाच राहते.

तुमची
आजी