बिघडलं तरच सांग

पुण्याच्या एका कंपनीचं काम मी जिंतूरला घरी बसून करतो. वडील गेल्यावर आई एकटी पडली, तिच्याकडे लक्ष द्यायला हवं, असं साहेबांना सांगून आलो. ते लक्ष मी कसं दिलं, हे तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं की आता कळतं.

मला बडबड सोसत नाही. माणसाची नाही आणि मशीनचीही नाही. आमच्या कामात कोडमध्ये जरा काही बदललं की सगळे तुकडे नव्याने जुळवून प्रोग्रॅम तयार होतो, त्याला बिल्ड म्हणतात. मग त्यावर शेकडो टेस्ट आपोआप चालतात आणि एकेक टेस्ट स्क्रीनवर हजेरी लावते. ही पास, ती पास, तीही पास. त्या गर्दीत नापास झालेली एखादी ओळ कुठल्या कुठे वाहून जायची आणि ती शोधता शोधता माझं डोकं उठायचं.

आणि इकडे आई. ती अंगणवाडी सेविका होती, नोकरीभर रोजचं रजिस्टर भरलेली बाई. संध्याकाळ झाली की माझ्या टेबलाशी उभी राहून दिवसाचा अहवाल द्यायची. दूध तापवलं, गॅस बंद केला, बीपीची गोळी घेतली, शेजारणीची वाटी परत केली, गुडघा बरा हाय, डोळे बरे हायत. मी स्क्रीनवरची नजर न काढता हं हं करायचो.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी मी बिल्डच्या सेटिंगला हात घातला. पास झालेल्या टेस्टने तोंड उघडायचं नाही. नापास झालेलीने आपलं नाव, फाइल आणि कारण तीन ओळींत सांगायचं, तेही लाल अक्षरांत. सोमवारी बिल्ड केला तर स्क्रीन एकदम स्वच्छ. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्याच तोऱ्यात संध्याकाळी मी आईलाही सांगून टाकलं, "आई, सगळं ठीक असलं तर सांगत बसू नकोस. काही बिघडलं तरच सांग."

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही. दुसऱ्या दिवसापासून अहवाल बंद झाला आणि घर शांत झालं. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू? दिवाळीत तिने चहा ओतताना दोनदा कपाबाहेर सांडला, तेव्हा मी म्हणालो, जरा बघून ओतत जा.

संक्रांतीनंतर पुण्याहून एका सहकारी बाईंचा फोन आला. एक साधी चूक आमच्या टेस्टमधून सुटून पुढे गेली होती. किती टेस्ट चालतात तुमच्याकडे, त्यांनी विचारलं. मी तपासलं. एकही चालत नव्हती. महिनाभरापूर्वी मीच टेस्ट ठेवलेल्या फोल्डरचं नाव बदललं होतं. बिल्ड जुन्या नावाने टेस्ट शोधत होता, त्या सापडत नव्हत्या, आणि मी शिकवल्याप्रमाणे तो गप्प बसत होता. सगळ्या पास झाल्या तरी स्क्रीन कोरा आणि एकही चालली नाही तरी कोराच.

दुपारी जेवताना मी ही फजिती आईला सांगितली. ती हसली.

"आमच्यात असं चालत नव्हतं बाबा. एक बी लेकरू आलं न्हाई तरी शून्य लिवावं लागायचं. रकाना कोरा दिसला की सुपरवायझर मॅडम म्हणायच्या, तुमी आलाच नव्हत्या का?"

मी ताट बाजूला सारून लगेच सेटिंग बदललं. आता शेवटी किती टेस्ट चालल्या तो आकडा येईल, आणि शून्य आला तर बिल्ड अडेल. काम झालं म्हणून मान वर केली. आई समोर डाळ निवडत होती, मान पार डावीकडे वळवून, ताट उजव्या डोळ्याखाली ओढून. मला एकदम धसका बसला. चार महिने मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

"आई, डोळे कसे आहेत?"

"हायत की."

मी तिच्या उजव्या डोळ्यावर हात धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर केली. "किती?"

"हात खाली घे, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परभणी गाठली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. उजवा रोज थेंब घातले तर टिकेल.

"कधीपासून कमी दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

"मग मुलाला सांगितलं का नाही?"

"बिघडलं तरच सांगायचं ठरलं होतं, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. "उजव्यानं समदं भागायलंय. मग बिघडलं कसं म्हणावं?"

डॉक्टर खाली मान घालून थेंबांचं नाव लिहीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याचं मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाज वाटली.