जीपचा बीमा आणि उजवा डोळा

जीपचा बीमा माझ्या गळ्यात पडला तो मला इंग्रजी वाचता येत होतं म्हणून. घरात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. माझं मॅट्रिक अमरावतीला झालेलं. लग्न होऊन नेरपासून चार मैल आतल्या गावात आले, तेव्हा त्या मॅट्रिकचा उपयोग एवढाच राहिला, की सरकारी कागद आला किंवा औषधाची बाटली आली, तर ती माझ्यापुढे ठेवायची. बीमाही तसाच पुढे आला आणि मग दहा-बारा वर्षं हटला नाही.

आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं जीप घेतली. लढाई संपल्यावर लष्करानं विकून टाकलेली, यवतमाळच्या एका जंगल ठेकेदाराच्या हातून आमच्याकडे आलेली. स्टिअरिंग डावीकडे, वर कापडी टप, आणि बसायच्या जागा अशा की चार मैलांत कंबर दुखून यावी. पण आमची अर्धी पराटी, म्हणजे कपाशी, नाल्याच्या अलीकडे आणि अर्धी पलीकडे. जमीन काळी. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतायची. "हे चारी चाकानं ओढते," असं हे ज्याला त्याला सांगायचे.

जीपबरोबर ड्रायव्हरही आला. ठेकेदाराकडे तोच ती चालवायचा. माणूस आमच्याच शिवेवरच्या तांड्यातला, पंचेचाळिशीचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. भाऊ आता तांड्याजवळ शेती करत होते, आणि हा लढाईत लष्करात जाऊन गाडी शिकून आला होता. घरी तो बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडी आणि गाडी अडली की हिंदी. मला बाई म्हणायचा, मी त्याला भाऊ.

ठेकेदाराचा जुना बीमा त्याच्या नावाचा होता. म्हणून अमरावतीहून एक एजंट बसनं नेरला आला आणि आमच्याच जीपमधून घरी आला. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला आणि समजावून सांगितलं, "वहिनी, बीमे दोन प्रकारचे. एक नुसता कायद्यापुरता. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं काही नुकसान केलं, तर त्याला भरपाई. दुसरा पुरा. तुमची गाडी उलटली, जळली, चोरीला गेली, तरी भरपाई."

"पोलिसाले दाखवाले कागद पाह्यजे ना?" हे म्हणाले. "मंग लहानवाला द्या."

फॉर्म मी भरला. गाडी कशासाठी वापरता, कोण चालवतं, असे प्रश्न होते. त्यातच एक होता : चालवणाऱ्याच्या डोळ्यांत, कानांत किंवा हातापायांत काही दोष आहे का. मी तो मराठीत मोठ्यानं वाचला. ड्रायव्हर बाजूलाच मडगार्ड पुसत उभा होता. त्यानं यांच्याकडे पाहिलं.

"लिही, नाई म्हून," हे म्हणाले.

मी लिहिलं. पेन नीट उमटत नव्हतं, ते झटकून पुन्हा गिरवलं.

त्यानंतर दर वर्षी एजंट यायचा आणि तोच बीमा पुढे चालू व्हायचा. मी दर वर्षी यांना सांगायची, की यात आपल्या गाडीचं काहीच येत नाही. हे हो म्हणायचे आणि उठून जायचे. मग एका उन्हाळ्यात दारव्ह्याकडच्या एका ओळखीच्या कापूस व्यापाऱ्याची जीप रस्त्यात पेटली आणि चेसिस तेवढी उरली. त्याचा बीमा कायद्यापुरताच होता. त्याला काही मिळालं नाही. हे तिकडून घाबरेघुबरे परत आले.

"आपला कोनता हाये?"

"लहानवाला," मी म्हटलं.

"मंग इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

मी एजंटाकडून पुऱ्या बीम्याचा फॉर्म मागवला आणि पेटीतून पॉलिसी काढली. डिक्शनरी घेऊन दाराच्या उजेडात बसले आणि पाच दुपारी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. बारीक टाइप, एकेक वाक्य वीतभर लांब. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायची. बाहेर कामाची माणसं मजुरीला थांबलेली असायची, चुलीवर काही ना काही असायचं, आणि मी 'तथापि' आणि 'जर का' यांच्या मध्ये अडकलेली. त्यातून एक गोष्ट कळली. बीमा लहान असो की पुरा, गाडी चालवणाऱ्याजवळ चालू लायसन पाहिजे.

मी ड्रायव्हरला लायसन मागितलं. आधी म्हणाला, तांड्यात आहे. मग म्हणाला, पेटीत आहे. मग पेटीची चाबी बायकोजवळ होती आणि बायको माहेरी गेली होती. शेवटी एक दिवस त्यानं मेणकापडात गुंडाळलेलं लायसन आणून माझ्यासमोर ठेवलं. त्याची मुदत संपून तीन वर्षं झाली होती.

"भाऊ, हे तर संपलेलं आहे."

"मालूम हाये."

"मग नवं काहून नाही केलं?"

तो म्हणाला, "यवतमायले गेलतो, बाई. आंधी असंच देत होते. त्या वर्षी नवा साहेब आला. एक डोया झाका म्हने, अन् भितीवरचं वाचा. उजवा झाकला तं सारं दिसे. डावा झाकला तं भीतच दिसे, अक्षरं नाई." लष्करात असताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगडाची कपची उडून त्याच्या उजव्या डोळ्याला लागली होती. "ठेकेदाराले मालूम होतं. मालकाले बी मालूम हाये."

समोरून ट्रक आला, की तो मान आणि खांदा सगळाच उजवीकडे वळवायचा. मी पाहिलं होतं. मला वाटायचं, सवय असेल. स्टिअरिंग डावीकडे, समोरून येणारी गाडी उजवीकडून जाणार, आणि त्या बाजूचा डोळाच नाही. अशा गाडीत मी पाच वर्षं बसले होते, आणि दोष नाही असं लिहिलेलं माझ्या अक्षरात होतं.

हे जेवायला बसले तेव्हा विचारलं, "तुम्हाला त्याच्या डोळ्याचं माहीत होतं?"

"त्याच्यासारखा चालवनारा या भागात नाई."

"मी ते नाही विचारलं."

"होतं मालूम. मंग का करू? गाडी तं तोच चालवनार होता." थोड्या वेळानं म्हणाले, "आता बी तसंच लिही. सही माही हाये, तू कायले घाबरतं?"

"मग तुम्हीच लिहा," मी म्हटलं.

त्यांनी फॉर्म हातात घेतला, उलटापालटा केला आणि फळीवर ठेवून दिला. तो तिथं तीन आठवडे होता. एजंट दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. "समजा ड्रायव्हरच्या एका डोळ्याला कमी दिसत असेल, तर..."

त्यानं हात वर केला. "वहिनी, मला सांगू नका. मला कळलं तर मला लिहावं लागेल."

त्या तीन आठवड्यांत ड्रायव्हर चहाला मागच्या दारी येईनासा झाला. ओट्यावरच बसायचा. मी कप नेऊन दिला, की खाली मान घालून घ्यायचा. भांडण माझं आणि यांचं होतं, पण घरात जो तो दबून वागत होता. मला रोज सकाळी उठल्यावर पहिला तो फॉर्म आठवायचा. लिहून टाकावं नाही म्हणून, असंही एक-दोनदा वाटलं. लिहिलं नाही. रस्त्यानं शाळेची पोरं चालत जातात, हे डोळ्यांपुढे यायचं.

मग यांनी यवतमाळहून दुसरा ड्रायव्हर ठरवला. पंचविशीतला, नवं करकरीत लायसन असलेला. आणि आमच्या ड्रायव्हरला हे त्यांनी सांगितलं नेरच्या बाजारात, कापसाच्या गाड्यांजवळ, दहा माणसांत. "उद्यापासून येऊ नको. बीमावाले नाई म्हनते." बीमावाले म्हणजे मी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तो जीप घेऊन घरी आला, चाबी ओट्यावर ठेवली.

"बाई, येक कोंबडी नाई मेली माह्या गाडीखाली."

"मला माहीत आहे, भाऊ."

"मंग?"

मी चहा टाकते म्हणून आत गेले. बाहेर आले तेव्हा तो तांड्याच्या वाटेला लागला होता. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस जेवणावर वासना नव्हती.

पुरा बीमा झाला. स्टिअरिंग डावीकडे म्हणून हप्ता जास्त लागला. शेवटी एजंटानं विचारलं, गाडीत बसणाऱ्या माणसांचाही घ्यायचा का, तो वेगळा असतो. मी इतकी थकले होते, की त्या ओळीवर सरळ रेघ मारली.

दुसऱ्या वर्षी भादव्यात नाल्याला पाणी असताना हे पलीकडच्या शेतात निघाले. नवा ड्रायव्हर डांबरी सडकेवर चांगला चालवायचा. चारी चाकं ओढायला लावणारा लहान दांडा तो गाडी फसल्यावर टाकायचा, आधी नाही. त्या दिवशी जीप ऐन पाण्यात थांबली, मागची चाकं नुसती फिरली, आणि गाडी उजव्या अंगावर कलंडली. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला, त्याला खरचटलं. हे खाली सापडले. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि दोन बरगड्या.

कंपनीचा माणूस नागपूरहून आला. जीपभोवती फिरला, नाल्याचं चित्र काढून घेतलं, लायसनचा नंबर उतरवला आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे." जीप अमरावतीला दुरुस्तीला गेली. त्याचा बहुतेक सगळा खर्च कंपनीनं दिला.

हे खाटेवर पट्ट्यांत बांधलेले. "अन् माहं?" त्यांनी विचारलं.

मी ती ओळ वाचून दाखवली. गाडीत बसलेल्यांचं यात काही नव्हतं.

"तुले मालूम होतं?"

"मालूम होतं," मी म्हटलं.

ते भिंतीकडे पाहत पडून राहिले. मी पाण्याचा तांब्या भरून उशाशी ठेवला.

दसऱ्यानंतर मी तांड्यात गेले. तो घरासमोर बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्याच्या बायकोनं पाणी आणलं, खाली घोंगडी टाकली. त्यानं यांच्या हाडाचं विचारलं आणि लगेच म्हणाला, "लहान दांडा कवा टाकला त्यानं?"

"टाकलाच नव्हता. पाण्यात गेल्यावर टाकायला गेला."

त्यानं च्चक् केलं. मी म्हटलं, त्या नव्या पोराच्या बाजूला बसून त्याला नाला दाखवाल का, तुम्हाला चालवायचं नाही.

"बाजूले बसनाऱ्याचा डोया इचारते का फारमावर?"

"नाही विचारत."

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "मले काढलं त्याचं नाई काही, बाई. बजारात सांगतलं, त्याचं हाये."

जीप दुरुस्त होऊन आल्यावर तो चार दिवस आला. पोराला घेऊन नाल्यातून ये-जा केली, कुठं दगड आहे, कुठं चिखल आहे, दांडा कुठून टाकायचा, ते दाखवलं. पाचव्या दिवशी आला नाही. मी त्याचं बोलणं यांना सांगितलं होतं. हात गळ्यात बांधलेला असतानाच एका सकाळी यांनी जीप तांड्यावर थांबवायला लावली आणि तासभर तिथं बसून आले. काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "चहा लय गोड करते त्याची बायको." तो परत कामाला आला नाही, पण पोळ्याला आमच्याकडे येऊन जाऊ लागला, आणि आला की मागच्या दारीच यायचा.

आणखी दोन वर्षांनी कंपनीचं पत्र आलं. गाडी फार जुनी झाली आहे, यापुढे पुरा बीमा देता येणार नाही, कायद्यापुरता घ्या. एजंट बिचारा ओशाळून ओट्यावर बसला होता. मी पत्र मराठीत वाचून दाखवलं.

"मंग त्याले काढलं कायले?" हे म्हणाले. रागानं नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

पत्राची घडी माझ्या मांडीवर होती. "जेवायला वाढू?" मी म्हटलं.

"वाढ," ते म्हणाले.

पुढे घरात लग्न निघालं तेव्हा जीप विकली. घेणारा लोहाऱ्याकडचा होता, विटांचं काम करायचा. सौदा झाल्यावर त्यानं पिशवीतून इंग्रजी फॉर्म काढला. बीमा आपल्या नावावर करायचा आहे, तुम्हीच भरून द्या, सगळे म्हणाले तुम्हाला येतं. मी म्हटलं, यवतमाळला कुणाकडून तरी भरून घ्या. तो उठला नाही. सायकलनं आला होता, डोक्यावर ऊन होतं, आणि त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी पेन आणायला आत गेले.