काकांच्या वाक्याचा मधला तुकडा

शॉर्टहँडचा मला फार माज होता. वक्ता खोकला तर तेवढं सोडून बाकी सगळं माझ्या वहीत उतरायचं. दिवसा कंपनीत साहेबांची पत्रं उतरवायची आणि निवडणूक आली की संध्याकाळी शनिवार पेठेत आमच्या उमेदवाराच्या कचेरीत जायचं, हा माझा उद्योग. तिथे काम एकच. विरोधकाच्या सभेत पुढे बसून भाषण घ्यायचं आणि कचेरीत येऊन त्यातलं ‘उपयोगी’ तेवढं वाचून दाखवायचं. उपयोगी म्हणजे काय, ते कोणी शिकवावं लागत नाही.

चीनची लढाई होऊन गेल्यावर लगेच आलेल्या पोटनिवडणुकीत विरोधात उभे राहिले ते काका. सख्खे नव्हेत, पण सख्ख्यांनी केलं नाही ते यांनी केलेलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, खडकीतल्या आमच्याच चाळीत, मागच्या बाजूला राहणारे. माझे वडील लवकर गेले. मला शॉर्टहँडच्या क्लासला सायकलवर डबलसीट नेऊन सोडणारे हेच. मग मी त्यांच्या विरोधात कसा? तर माझा पक्ष दुसरा. तेव्हा मला एवढं कारण पुरलं, याची आज लाज वाटते.

खडकीतल्या सभेला तीस-चाळीस माणसं होती. काका वक्ते नव्हतेच, यंत्र कसं चालतं ते समजावून सांगावं तसं बोलायचे. म्हणाले, “बर्फात कॅनव्हासचे बूट घालून आपला जवान लढू शकत नाही, तरी तो लढला तो स्वतःच्या हिमतीवर; त्याला तसं पाठवणाऱ्यांनी त्याची माफी मागावी.” हे ते कुणासाठी बोलत होते ते मला ठाऊक होतं. त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या विधवा बाईंचा एकुलता एक मुलगा आघाडीवरून पायांची बोटं गमावून आला होता. बाई त्या संध्याकाळी इस्पितळात त्याच्याजवळ होत्या, म्हणून सभेला नव्हत्या.

कचेरीत मी सगळं वाक्य वाचलं. प्रचारप्रमुखांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “मधलं तेवढं द्या.” मी दिलं. ‘आपला जवान लढू शकत नाही.’ वर मीच शहाणपणा केला, की यात आपलं एक अक्षर नाही, शब्द न शब्द त्यांचा आहे. खोटं लिहायला सांगितलं असतं तर मी वही मिटून उठलो असतो, एवढा माझा बाणा. कापण्याला मी खोटं समजत नव्हतो. आमच्यासारख्या अचूकपणाच्या भक्तांची खोड ही.

पत्रकं घरोघर गेली. कारखान्याच्या वस्तीत घरटी एक तरी माणूस फौजेत किंवा फौजेसाठी राबणारा. लोक काकांच्या दारावरून मान वळवून जाऊ लागले. ज्यांनी सभेत स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं त्यांनाही छापलेलं बघून वाटलं, असंच म्हणाले असतील बुवा. काकांना विचारलं तर ते सरळ सांगायचे, “शब्द माझेच आहेत, पण पुढेमागे आणखी होते.” एवढं ऐकायला कोण थांबतंय?

मतदानाला आठ दिवस असताना काका माझ्या खोलीवर आले. चहा नको म्हणाले. “मतांचं राहू दे,” ते म्हणाले, “पण शेजारच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. ‘माझ्या मुलाच्या पायांची थट्टा केलीत,’ म्हणाल्या. तू पुढेच बसला होतास. वही घेऊन चल आणि त्यांना सगळं वाक्य वाचून दाखव.”

मी म्हणालो, “वही रद्दीत गेली, काका.”

वही उशाखाली होती. काका “बरं,” म्हणाले आणि चपला घालून निघाले. मतदानात पडले ते पडलेच. आमचा उमेदवार निवडून आला, पेढे वाटले, मीही तोंड गोड केलं.

मग मी चाळ सोडली. किती वर्षं गेली, खडकीकडे जायचं टाळत होतो. शेवटी काका आजारी असल्याचं कानावर आलं तेव्हा राहवलं नाही. खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. पत्रकातला तुकडा मी दिला, वही होती, मी खोटं बोललो. बाईंच्या खोलीला कुलूप दिसलं म्हणून म्हणालो, “कुठे असतात त्या? अजूनही जाऊन सांगतो.”

“गेल्या त्या. मागच्या वर्षी,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “तुझ्याकडे आलो होतो ना, त्याच्या आदल्या दिवशी मी दाराबाहेरूनच त्यांना सांगितलं होतं, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, तो पोरगा येऊन वाचून दाखवेल. तो चुकीचं वाचत नाही.’ त्यांना पटलं. तू विरोधी पक्षाचा, म्हणून जास्तच पटलं. मतदानापर्यंत रोज संध्याकाळी बाई दारात तुझी वाट बघत बसायच्या.”

“आणि मग?”

“मग मी दिसलो की कडी लावून घ्यायला लागल्या,” काका म्हणाले.